वजा निळे

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी एक वही टांगलेली असते. आत येणाऱ्याने आज अंगात कोणत्या रंगाचे कपडे आहेत ते तिच्यात लिहायचं. आम्ही समुद्राच्या पाण्यातले प्लास्टिकचे तंतू मोजतो, केसाहून बारीक, आणि तसेच तंतू माणसाच्या कपड्यांतूनही झडतात. म्हणून वहीत लिहिलेल्या रंगाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला की तो मोजणीतून वजा. नियम माझाच. एकदा माझ्या लाल स्वेटरने आठवड्याची मोजणी नासवली होती, तेव्हा मीच तो हट्टाने लावून घेतला.

या वेळचं पाणी खाडीतलं होतं. तिथे दोर बनवणारा कारखाना सांडपाणी सोडतो. आता त्यांना दुसरी नळी टाकायची आहे आणि उद्या त्याची सुनावणी आहे. त्याच खाडीत माझी वहिनी शिंपले वाढवते. भावाने अंथरूण धरल्यापासून घर त्या शिंपल्यांवरच चाललंय. कारखान्याचे दोर निळ्या प्लास्टिकचे असतात.

आमचे साहेब एरवी या खोलीकडे फिरकत नाहीत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा की कान, हेही त्यांना सांगावं लागेल. पण या आठवड्यात तीन दिवस ते रोज आले, निळं जाकीट घालून. वहीत ठसठशीत 'निळा' लिहायचे, "काय म्हणतंय पाणी?" विचारायचे आणि दहा मिनिटं येरझारा घालून जायचे. आणि मी शहाणी, दिसला निळा की मार काट, करत बसले.

आज दुपारी बेरीज केली. काळे नऊ, लाल चार, निळे चारशे बारा. वजा निळे. उरले तेरा.

तेरा म्हणजे खाडी स्वच्छ. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चारशे बारा तंतू एका जाकिटातून झडले असते, तर साहेब घरी उघडेच पोचले असते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच झाले होते.

साहेब आकडा न्यायला आले आणि माझ्या कागदावर नजर टाकली.

"तेराच ना? छान. नियम तुमचाच आहे."

"साहेब, जाकीट कशाचं आहे?"

"शुद्ध लोकर," ते फुशारले. "प्लास्टिकबिस्टिक अंगाला लावत नाही मी."

त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत मी चिमट्याने बाहीचा एक धागा ओढला आणि त्याला तापलेली सुई लावली. तो काळा पडला, केस जळल्याचा वास सुटला. मग पाण्यातले दहा निळे तंतू घेतले, एकेकाला सुई लावली. दहाही वितळून गोळी झाले.

"लोकर जळते. हे वितळलं," मी म्हटलं. "बघा डोळा लावून."

ते वाकले नाहीत. "वहीत निळा लिहिलंय. नियम म्हणजे नियम."

"नियम अपुरा होता. तसं मी लिहून देते."

"अहवालावर सही माझी असते, बाई."

"मोजणीवर माझी असते. तेराखाली ती मिळणार नाही."

"मग दुसरं कुणी मोजेल."

"मोजू दे. खाडी तीच आहे."

ते गेले. साहेबांचा राग होताच, पण तीन दिवस ज्या हाताने निळे खोडत बसले त्या हाताचा जास्त होता. उरलेल्या निळ्यांनाही एकेक करून सुई लावली. सगळे वितळले. चारशे पंचवीस लिहिलं, सही केली आणि कागद थेट सुनावणीच्या कार्यालयात पाठवला. उद्या माझी बदली होईल. होऊ दे.

मग वहिनीला फोन केला.

"शिंपले मुलांना देऊ नकोस," मी म्हटलं.

"आणि वन्सं, विकायचे?"

"नाही."

"म्हणजे घाण त्यांनी सोडायची आणि चूल माझी विझायची?"

तिचं बरोबर होतं, आणि हे तिच्या पदरात मीच टाकलं होतं.

"हे मला नको विचारूस," मी म्हटलं. "उद्या दहाला तिथे ये आणि सगळ्यांसमोर विचार. मी तुझ्या शेजारी बसते."

"शिंपले घेऊन येऊ?"

"टोपलीभर आण. साहेबांपुढे ठेव. म्हणावं, स्वच्छ खाडीतले आहेत, खा."