प्रयागबाईची फुंकणी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. कामठीच्या एका यंत्रमाग कारखान्यात मोडीत निघालेल्या नळीचा मी तुकडा. तिथे कामाला असलेल्या नत्थूने मला कापले, तोंडाकडची कड कानशीने घासली आणि आपल्या नव्या नवरीच्या, प्रयागबाईच्या, हाती दिले. ते साल एकोणीसशे साठ.

त्यांच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. जळण कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे आणि गोवऱ्यांचे. तरी प्रयागबाईच्या एका फुंकीत जाळ धरायचा. शेजारणी म्हणायच्या, "हिच्या छातीत लोहाराचा भाता हाय वं."

पुढे ती फुंक आखूड होत गेली. मध्येच खोकला येई, सकाळी कफ पडे. घरात सून आली तोवर प्रयागबाई पाण्याची घागर आणताना उंबऱ्यातच बसू लागली होती. तेव्हा नत्थूने तिला नागपुरात धंतोलीच्या डॉक्टर सुहासिनीबाईंकडे नेले.

परत आल्यावर त्याने सुनेला, सत्यवतीला, सांगितले, "डॉक्टरीणबाईनं इचारलं, बिडी पेता का? तं तुही सासू म्हणते, माह्या वाटची बी हेच पेतात."

प्रयागबाई हसली आणि त्या हसण्याने तिला धाप लागली.

डॉक्टरीणबाईंनी पेटती काडी तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून, तोंड उघडे ठेवून फुंकायला सांगितले होते. ज्योत नुसती हलली, विझली नाही. छातीतही माझ्यासारख्या नळ्या असतात. रोजच्या धुराने त्यांना आतून सूज येते, त्या अरुंद होतात, कफ साचतो. हवेचे बारीक फुगे फाटतात आणि आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही. मला धुतले की मी साफ होते. त्या नळ्या धुता येत नाहीत. गोळ्यांनी सूज थोडी उतरते, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडला की धाप कमी होते. पण फाटलेले सांधले जात नाही. म्हणून पहिला उपचार एकच, धुरापासून दूर राहणे.

पण नत्थूने पाहिले होते की थंडीत तिचा दम वाढतो. त्याने तिची बाज चुलीशेजारी टाकली.

सत्यवती म्हणाली, "बाबा, डॉक्टरीणबाईनं धूर नको म्हटलं ना? मंग इथं काहून?"

"धुरानं कोणी मरते का वं? मंग गावात एक बाई उरली नसती. थंडीनं मरन ते."

"राहू दे वं," प्रयागबाई बाजेवरून म्हणाली. "ऊब लागून राहिली."

सत्यवती रोज तिच्या उशाशीच मला फुंकून चूल पेटवायची. प्रयागबाई ओठांचा चंबू करून, सांगितल्याप्रमाणे, हळूहळू श्वास सोडायची. आत मात्र धूरच घ्यायची. पौषात एका सकाळी तो श्वास थांबला. मयतीला आलेले लोक म्हणाले, थंडीने नेले. नत्थूनेही होकारार्थी मान डोलावली.

मित्रांनो, आता मी सत्यवतीच्या हाती आहे. परवा फुंकता फुंकता तिला खोकला आला. तिने पदराने तोंड पुसले आणि मला पुन्हा ओठांशी धरले. तुमच्या घरी कोणी असे खोकत असेल, तर चूल उघड्यावर मांडा, भिंतीला खिडकी पाडा. शक्य असेल तिथे गॅस घ्या आणि मला कोनाड्यात टाकून द्या. मी गंजले तरी चालेल.