माझ्या पोटात नसलेली साखळी

मी बोलतोय ट्रकच्या पोटाखालून. कागदोपत्री मला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून द्यायचा, हे माझं काम. चिखलात ड्रायव्हरनं केबिनमधली दांडी ओढली की मला जाग येते. एरवी मी नुसता लटकून ऐकत असतो.

ऐकायला पुष्कळ मिळालं, कारण माझा मालक बाताराव. हे नाव लाकडाच्या वखारीतल्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं. त्यानं मला भंगारातून उचललं, डिझेलनं आंघोळ घातली आणि आपल्या ट्रकला जोडलं. माझ्या आत काय आहे ते सांगणारा बिल्ला तेव्हाच कुठंतरी गळून पडला होता. बातारावाला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मी रणगाड्यातला झालो. माझ्या पोटात म्हणे पोलादी साखळी होती आणि तिच्या जोरावर मी वाहून चाललेला पूल काठाला ओढून आणला होता. खरं तर माझ्या पोटात साधी दातेरी चाकं. पण ओली लाकडं भरून चढ चढताना वर केबिनमध्ये ती गोष्ट रंगली, की माझ्याही अंगात बळ यायचं.

त्याची बायको शेजारी बसून प्रत्येक गोष्टीला कात्री लावायची. पूल नव्हता, फळी होती, म्हणायची.

एकदा माझं सील गेलं आणि सगळं तेल गळलं. दोघं मला मिस्त्रीकडे घेऊन आले. वखारीतली ड्रायव्हरमंडळी तिथं चहा पीत बसलेलीच. मिस्त्रीनं सील बदललं, बिल्ला शोधला, मिळाला नाही. आमच्यात साखळीवाल्याला लागतं पातळ लाल तेल, दातेवाल्याला मधासारखं दाट. माझ्यात पातळ पडलं असतं, तर चढावर दाते भाजून निघाले असते.

साखळी की दाते, असं मिस्त्रीनं विचारलं. उत्तर ड्रायव्हरांनीच दिलं. साखळी त्यांना तोंडपाठ होती. मिस्त्रीनं लाल तेलाचा डबा उघडला. बाताराव चहाच्या कपात बघत राहिला. खरं बोलावं तर जन्माची अब्रू जाते, गप्प राहावं तर मी जातो. डबा कलला.

"थांबा, मिस्त्रीदादा." कधी खोटं न बोललेली ती बाई पुढं आली. "साखळी होती. यांनीच काढली. रणगाड्याचा जोर तो, दांडी ओढली की पुढची चाकं हवेत जायची. मग दाते बसवले."

"तुम्ही बघितलंत, वहिनी?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. म्हणून तर यांना एकट्यानं करावं लागलं."

मिस्त्रीनं माझा शाफ्ट हातानं फिरवला, कान लावला. दात्यांची घरघर त्याला कळली नसेल, हे होणंच नाही.

"बरोबर," तो गंभीरपणे म्हणाला. "काढलेली साखळी स्पष्ट ऐकू येतेय."

आणि त्यानं दाट तेल घेतलं.

परतीच्या वाटेवर बाताराव हळूच म्हणाला, "चाकं किती उडायची म्हणून सांगू?"

"वीतभर. त्याच्यावर जाऊ नका."

आता बाताराव नाही. ट्रक शेडमध्ये उभा असतो. ती अधूनमधून वाकते, माझा वरचा बोल्ट सोडते, तेल बोटाला लागतंय का बघते. ट्रक विकायचा नाही, तरी गिऱ्हाइकं येतात. परवा एकाला तिनं साखळीची गोष्ट ऐकवली. चाकं कितीशी उडायची, त्यानं हसत विचारलं.

"हे खालून ताठ मानेनं चालत जायचे," ती म्हणाली.

तर मंडळी, कधी त्या शेडकडे आलात, तर माझ्यावरची धूळ झटका, तेल कमी असेल तर घाला, दाट. फक्त शाफ्ट फिरवून कान लावू नका.