उर्वरित पान २०७ वर

मी एक दिवाळी अंक बोलतोय. नाव विचारू नका. माझं मुखपृष्ठ पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यावरच्या बाईसकट फाडून नेलं, आणि नावही तिच्याबरोबरच गेलं. जन्म सत्याऐंशी सालचा, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यातला. पोटात कथा, एक परिसंवाद, वार्षिक राशिभविष्य आणि सगळ्यात शेवटी एकच विज्ञानकथा. संपादकांना जागा पुरेना, म्हणून त्यांनी त्या कथेचा शेवट मागे जाहिरातींच्या पानांत ढकलला आणि तळाशी छापलं, ‘उर्वरित पान २०७ वर’. अंकांत हे सर्रास चालतं. माझं वाटोळं मात्र त्या एका ओळीनं केलं.

येरवड्याच्या रंगनाथांनी मला त्यांच्या वाचनालयासाठी घेतलं. दिवाळी अंक चार महिन्यांत शंभर हातांतून जातो, म्हणून रंगनाथ तो आधी बांधून घेत. मागची जाहिरातींची पानं काढून टाकायची, म्हणजे अंक हलका होतो आणि शिलाई उसवत नाही, हा त्यांचा नियम. हे काम त्यांच्या ओळखीचे बाबुराव घरी नेऊन करायचे. दिवसा कारखाना, संध्याकाळी सुई, दोरा आणि खळ. दोरा लाल, आणि दर तिसऱ्या टाक्याला दुहेरी गाठ. त्यांनी नियमाप्रमाणे माझी मागची पानं फाडली, पुठ्ठ्याला आतून जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला आणि मला वजनाखाली ठेवलं. फाडलेली पानं सकाळी पाण्याच्या बंबात गेली.

त्या संध्याकाळी त्यांची आठ वर्षांची प्रियदर्शनी, घरात तिला बेबी म्हणत, गोष्टीसाठी हटून बसली. बाबुरावांनी मला उघडलं. गोष्टीतला बाप दूरच्या ताऱ्याकडे निघालेला. यानाच्या प्रचंड वेगामुळे त्याची पाच वर्षं म्हणजे पृथ्वीवरची पन्नास. निघताना मुलगी विचारते, ‘परत आल्यावर मला ओळखाल ना?’ बाप परत येतो, यानाचं दार उघडतं, समोर गर्दी, आणि गर्दीत एक म्हातारी. तिथं ती मेली ओळ आली.

बाबुरावांनी पान उलटलं. समोर कॅलेंडरचा मार्च महिना होता.  मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि मार्च महिन्यावरून बोट फिरवत ते पुढे वाचू लागले. बापानं त्या म्हातारीला नुसत्या चालीवरून ओळखलं, म्हणाले, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या नावानं हाक मारली. बेबी खूश होऊन झोपली. खोटं बोलताना माणसाचा आवाज एवढा मऊ होतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढे बाकीच्या वाचकांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘शेवट मालकांच्या घरी जाऊन ऐकावा.’ मग टीव्ही आला, मोबाइल आले, वाचनालय बंद पडलं. रंगनाथ मुलाकडे मांजरी गावी गेले आणि मी त्यांच्या माळ्यावर.

मागच्या वर्षी तिथं एक बाई आल्या. केस अर्धे पांढरे. रंगनाथांना म्हणाल्या, मी बाबुरावांची बेबी. बाबांना विस्मरणाचा आजार आहे, दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही ओळखलेलं नाही. लहानपणीची ती एक गोष्ट वाचून दाखवली तर कदाचित ओळखतील, एवढीच तिची आशा होती. दीड वर्ष ती शोधत होती. शेवट सांगून सांगून वाचकांच्या ग्रुपवर विचारलं, तर जाणकार म्हणाले, अशा शेवटाची कथा मराठीत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारानं तर हातच जोडले होते. “नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही, मुखपृष्ठ आठवत नाही. मग ताई, आपल्याला नक्की काय माहीत आहे?”

तिला लाल दोरा माहीत होता. त्यावरूनच तिनं शेवटी रंगनाथांचा नवा पत्ता काढला होता. रंगनाथांनी गठ्ठा खाली काढला. तिनं माझ्या पाठीवरून बोट फिरवलं, तिसऱ्या टाक्याची गाठ लागली आणि तिनं तिथंच मला उघडलं. पहिल्या चार ओळी वाचून तिनं मला मिटलं. पुढचं बाबांसमोरच वाचायचं होतं तिला.

बाबुराव खाटेवर बसले होते. हात तेच. ती सावकाश वाचत गेली. ते खिडकीकडे बघत राहिले. यानाचं दार उघडलं, गर्दी आली, म्हातारी आली. तिनं पान उलटलं, आणि मार्च महिना.

तिनं पुढचं पान शोधलं, मागचं चाचपलं. समासातल्या शिव्या वाचल्या. मला वाटलं, आता माझे तुकडे होणार.

तेवढ्यात बाबुराव बोलले. “शोधू नका बाई. ती पानं मी फाडलीत. न बघता फाडली.” मग तिच्याकडे जरा झुकून म्हणाले, “माझ्या बेबीला सांगू नका. तिला मी माझ्या मनानं शेवट सांगितलाय. तिला वाटतं, तो बाप ओळखतो.”

तिनं मला छातीशी धरलं. 

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

“आपले उपकार झाले,” बाबुराव म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे बघू लागले.

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. मी आता त्यांच्या फोटोखालच्या फळीवर असतो. प्रियदर्शनीनं एका कोऱ्या कागदावर तो शेवट लिहून माझ्यात शिवून टाकलाय. टाके वेडेवाकडे आहेत, गाठ तर सुटतेच. बाबुरावांनी ते सगळं उसवून पुन्हा करायला लावलं असतं.

तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊ असेल, अखंड, दोनशे सातव्या पानासकट. तिथं खरा शेवट छापलेला असेल. तुमच्या पाया पडतो, तो तुमच्याकडेच ठेवा. माझी गोष्ट संपली आहे.