हळदीचा कौल

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्यापुढे एका पत्र्याच्या शेडबाहेर दर गुरुवारी रिक्षांची रांग लागायची. आत हळदीबाबा बसायचे. बायका दारुड्या नवऱ्यांना दंडाला धरून आणायच्या. बायकोने नवऱ्याच्या तळहातांना ओली हळद फासायची, बाबांनी शिष्याने दिलेल्या तांब्यातले तीर्थ वरून सोडायचे. आठ दिवसांत थेंबभर घेतली असेल तर तळहात रक्तासारखे लाल होणार, नसेल तर पिवळेच राहणार. "मानूस खोटं बोलंल, हळद बोलनार नाय," असे म्हणून बाबा दक्षिणेच्या ताटावर एक नजर टाकायचे आणि डोळे मिटायचे.

अंबडच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या धनराजचा तो पाचवा गुरुवार; आधीच्या चारही वेळा हात लाल झाले होते. रात्रपाळीहून परतताना त्याने एक क्वार्टर रिचवली होती आणि वर मूठभर लवंगा चघळल्या होत्या. आजही अब्रू जाणार, याची त्याला खात्री होती. बायकोने, ललिताने, हळद फासली. बाबांनी तीर्थ सोडले. हात पिवळेधमक राहिले.

पाच गुरुवारांत माणूस निर्मळ झाला, असे बाबांनी जाहीर केले आणि टाळ्या पडल्या. लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच ललिता चारचौघांत मान वर करून रडली. तिचा तो आनंद पाहून धनराजला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लगेच सुनीलची पाळी आली. सुनील त्याच कारखान्यातला फिटर. त्याने तीन महिने दारूला हात लावला नव्हता. हे धनराजइतके कुणालाच पक्के माहीत नव्हते, कारण पूर्वी दोघे एकाच टेबलावर बसायचे आणि आता धनराज एकटाच बसत होता. पण सुनीलच्या बायकोचा, राखीचा, संशय जात नव्हता, म्हणून तिने त्याला आज प्रथमच इथे आणले होते. तीर्थ पडले आणि सुनीलचे दोन्ही तळहात लाल झाले. पोरीला कडेवर घेऊन राखी माहेरी, देवळ्याला, जायला निघाली.

"धनराज, तू तरी सांग," सुनील म्हणाला.

धनराज निर्मळ माणसांच्या ओळीत बसला होता. त्याने मान खाली घातली.

थोड्या वेळाने शेडमागे जाऊन त्याने सवयीने डबी काढली. हळदीच्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळू लागला. मळता मळता हात लाल झाला. उशिरा का होईना, देवाने पकडले. मग त्याने नीट पाहिले. चुना लागला होता तेवढाच भाग लाल होता. दुसऱ्या हाताला नुसता चुना चोळला, तोही लाल झाला.

शनिवारी तो सुनीलच्या दारात गेला. सुनील फक्त सोबत चल म्हणाला. इंदिरानगरातल्या एका शाळेच्या खोलीत दहा-बारा माणसे बाकांवर अवघडून बसली होती. सगळी दारू सोडलेली, नाहीतर सोडू पाहणारी. सुनील तीन महिने इथेच येत होता. गोटीराम गुरुजी चहा ओतत होते. आयुष्यभर त्यांनी विज्ञान शिकवले होते, आणि त्यातली बरीच वर्षे पिऊन शिकवले होते.

धनराजने हळदीची हकिकत सांगितली. शेडच्या दारात बाबांचा शिष्य काही विचारतो का, असे गुरुजींनी विचारले. कितवा गुरुवार, एवढेच विचारतो, धनराज म्हणाला.

"मग झालं. चुना पाण्यात कालवून ठेवला की वर निवळी येते. दिसायला नितळ पाणी. नव्या माणसाला त्या तांब्यातलं, पाचव्या गुरुवारवाल्याला साधं. नवा घाबरून पुन्हा येतो, जुना जाहिरात करतो. हे तू तिथं सांगायला हवंस."

"सांगायचं तर आधी हे सांगावं लागंल, की त्या दिवशी मी पिऊन होतो."

"ते आधी इथं सांगून बघ."

धनराजला फार वेळ लागला. पण त्याने सांगितले, आणि कुणीही हसले नाही.

पुढच्या गुरुवारी बाबांनी त्याला अनुभव सांगायला उभे केले. ललिता नवी साडी नेसून पुढेच बसली होती. तिच्याकडे न बघता धनराजने हातांना हळद फासली, वर चुना चोळला आणि लाल तळहात वर धरले.

"मागल्या गुरुवारी मी क्वार्टर मारून आलो होतो, तरी हात पिवळे. सुनील तीन महिने पिला नाय, तरी त्याचे लाल. बाबाच्या एका तांब्यात चुन्याचं पानी हाय."

याच्या अंगात दारूचे भूत बोलतेय, असे बाबा ओरडले. पण शेडात तंबाखू मळणारे थोडे नव्हते. पटापट डब्या निघाल्या आणि हळद फासलेले हात लाल होऊ लागले. पुतळाबाई नावाच्या म्हातारीने तर शिष्याच्या हातातला तांब्या हिसकावून बाबांच्याच हळदीच्या मळवटावर ओतला. बाबांचे कपाळ लाल झाले. बाबा नेमके कोणत्या गुत्त्यावर बसतात, अशी चौकशी तिने सर्वांसमक्ष केली.

हळदीला चुना कळतो, दारू कळत नाही. माणूस प्यायला की नाही, हे माणसालाच विचारावे लागते आणि आपल्या डोळ्यांनी, आपल्या बुद्धीने पडताळावे लागते. एवढे केले तर कुठल्याच बाबाकडे जावे लागणार नाही.

ललिता केव्हाच बाहेर पडली होती. धनराजने तिला रस्त्यावर गाठले.

"सोडून किती दिवस झाले?" तिने विचारले.

"पाच."

"आता मी कशावर विश्वास ठेवू?"

"कशावरच नको. रोज इचार. तोंडाचा वास घे, त्या शाळेत येऊन बघ. पटलं तरच ठेव."

ती जवळ आली आणि रिक्षावाल्यांच्या देखत म्हणाली, "तोंड उघडा." धनराजने उघडले. कानशिले तापली, पण तो हलला नाही. तिने वास घेतला आणि पदराने डोळे पुसले.

"आता देवळ्याला चला," ती म्हणाली. "राखीला हे तुमच्याच तोंडून कळू द्या."