कव्हरवरची चार डोकी

चारुदत्त टिपणीसांना चारुदत्त म्हटलेलं चालत नाही, चार्ली सर म्हणायचं, असं तन्मयने फोनवर बजावून सांगितलं होतं. आशालताबाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शिरल्या शिरल्या विचारलं, "काय रे चारू, गुडघे काय म्हणतायत?"

चार्ली सरांचे गुडघे काही म्हणाले नाहीत. ते स्वतः मात्र "आशा, तू अजून तश्शीच," असं म्हणाले आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळले. डोक्याच्या मध्यभागी लख्ख मैदान, आणि मागे उरल्यासुरल्या पांढऱ्या केसांची उंदराच्या शेपटीएवढी पोनीटेल. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर त्यांचाच पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा चेहरा. स्वतःचा चेहरा स्वतःच्या पोटावर घेऊन फिरणारा माणूस आशालताबाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

तन्मय सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर होता, आणि सुट्टीच्या दिवशी इंटरनेटवर रॉक संगीताच्या पडद्यामागच्या आठवणी गोळा करायचा. चार्ली सर मुलाकडे सिंगापूरला आलेत हे कळल्यावर त्याला आकाश ठेंगणं झालं. कारण चार्ली सर म्हणजे 'आयर्न मँगो'चे गायक. आयर्न मँगो म्हणजे सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड. तेव्हा त्यांची एकुलती एक रेकॉर्ड त्यांच्या घरच्यांनीसुद्धा धड ऐकली नव्हती. ती आता कुठल्याशा परदेशी कंपनीने पुन्हा काढली होती, आणि दाढीवाली तरुण पोरं तिच्याबद्दल पानंच्या पानं लिहीत होती.

लिहिण्यासारख्या त्यात दोनच गोष्टी होत्या. एक, कव्हर. जगभरचे रॉकवाले खांद्यापर्यंत केस सोडून हिंडत असताना या चौघांची डोकी भादरलेली, तीही वेडीवाकडी. कुठे टक्कल, कुठे तुरा, कानामागे झुडपं. दुसरी गोष्ट, रेकॉर्डमधलं सर्वांत लांब गाणं. त्यात मध्येच गिटार थांबते आणि बराच वेळ नुसते ड्रम आणि बेस चालू राहतात. त्या रिकाम्या जागेला दाढीवाले 'धाडसी पोकळी' म्हणत.

"तर सर," तन्मयने माइक पुढे सरकवला, "केस कापायचा विचार आला कुठून?"

चार्ली सरांनी डोळे मिटले. आशालताबाईंनी आणलेल्या कोथिंबीर वडीचा उरलेला तुकडा तेवढ्यात तोंडात टाकून घेतला.

"समुद्र," ते म्हणाले. "जहाजाच्या डेकवर उभा होतो. वाटलं, सगळं जग केस वाढवतंय. म्हणजे तोही एक गणवेशच झाला. मी पोरांना म्हटलं, आपण हा गणवेश उतरवायचा. तिथेच, त्या क्षणी, एकमेकांचे केस आम्ही कापले आणि लाटांना देऊन टाकले."

मांडलेल्या खुर्च्यांवरून "वा" असा एक सुस्कारा निघाला. आशालताबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते केस लाटांना नव्हे, त्यांच्याच बुकित मेराच्या फ्लॅटमधल्या कचऱ्याच्या डब्याला दिले होते, आणि तो डबा त्यांनीच खाली नेऊन रिकामा केला होता.

हकिगत साधी होती. त्या काळी सिंगापूर सरकारला लांब केसांच्या पुरुषांचं वावडं होतं. पोस्टात गेलं तरी भिंतीवर पाटी असायची, लांब केसवाल्यांचं काम सर्वांत शेवटी. कार्यक्रम आणि रेकॉर्डिंगसाठी आलेले हे पाच झिपरे जहाजातून उतरले ते धक्क्यावरच अडकले. आशालताबाईंचे यजमान मनोहर बंदरातल्या एका शिपिंग एजन्सीत होते. त्यांनी हमी घेतली, आणि इमिग्रेशनच्या साहेबाने सांगितलं, उद्या माणसांसारखे दिसून या, मग शिक्का. दुकानात जाऊन केस कापून घेणं म्हणजे शरणागती, असं चारूचं म्हणणं पडलं. घरी कापले तर तो आपला निर्णय. तेव्हा तो निर्णय आशालताबाईंच्या स्वयंपाकघरात, वर्तमानपत्रं अंथरून, सुकटीची शेपटं छाटायच्या कात्रीने अमलात आणला गेला. कात्री बोथट होती आणि नवी नवरी आशालता आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे केस कापत होती. चारू तर डोळ्यांत पाणी आणून "कानाजवळ जरा हळू गं" म्हणत होता. रॉक संगीताच्या इतिहासात तिचं योगदान एवढंच. पण झालं ते असं झालं, की परदेशातली पोरं आता मुद्दाम पैसे मोजून तसं भादरून घेत होती.

चारूच्या समुद्र आणि लाटा ऐकून त्यांना हसू येत होतं, आणि तेवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी ते दाबूनही धरलं असतं. पण शेजारच्या खुर्चीत शिवांगी बसली होती.

शिवांगी त्यांची भाची. धनेशची मुलगी, चाळिशीची, हार्बरफ्रंटला एका शिपिंग ऑफिसात कामाला. धनेश म्हणजे आशालताबाईंचा धाकटा भाऊ आणि आयर्न मँगोचा पाचवा माणूस, गिटारवाला. जो कव्हरवर नाही. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. चार्ली सरांच्या नंतर तन्मय तिला कॅमेऱ्यासमोर बसवणार होता, बँड सोडून गेलेल्या माणसाची मुलगी म्हणून. सकाळी दोघी चोआ चू कांगहून एमआरटी मेट्रोत बसल्या. तेव्हा ती म्हणाली: "आत्या, मी खरं तेच सांगणार आहे. बाबांना आम्ही कधी पुरलोच नाही. मनातून ते कायम त्या बँडमध्ये होते, आणि ज्याच्यासाठी बँड सोडला ते काय, तर केस."

आशालताबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं होतं. बोलणार होत्या, पण धनेशला शब्द दिला होता.

"आणि सर, धनेश?" तन्मयने आवाज मऊ केला. "ते का गेले?"

"धन्या," चार्ली सरांनी मान हलवली. "बोटांत जादू. पण मोह, मोह वाईट. सगळ्यांनी केस दिले, हा म्हणाला, 'माझ्या केसांना हात लावायचा नाही.' रोज शिकेकाई लावायचा, सांगतो तुला. आम्ही संगीत निवडलं, त्याने केस निवडले. आला त्या जहाजाने परत गेला. पुढे वीज मंडळात चिकटला. मग मी ठरवलं, त्याची जागा रिकामीच ठेवायची. ती पोकळी माझी कल्पना."

खोलीतली जुनी माणसंसुद्धा हसली. शिकेकाईला जास्त हसली. शिवांगीही हसली, एका बाजूने ओठ उचलून.

गंमत अशी, की दुपारभर चारू जे काही बोलला त्यात धनेशच्या केसांच्या मोहाची एवढीच एक गोष्ट तो प्रामाणिकपणे सांगत होता. त्याला तसंच सांगण्यात आलं होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात चौघांची हजामत उरकल्यावर आशालताने कात्री वाजवून दाखवली आणि म्हणाली, "चला धनेशराव, बसा." धनेश दाराशी कांदे सोलत होता. तो उठला आणि तिला बाहेरच्या कॉमन कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला. शेजारच्या चिनी आजींनी वाळत घातलेल्या चादरींच्या मागे.

"मी नाही कापणार," तो म्हणाला.

"का? झिंज्या काय सोन्याच्या आहेत?"

"सुलेखाला पाचवा महिना लागलाय."

आशालताच्या हातातली कात्री थांबली. धनेशच्या बायकोचं आधी दोनदा टिकलं नव्हतं. तिसऱ्याचं घरी कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं.

"आईने बंधन घातलंय," तो चादरीकडे बघत म्हणाला. "बाळंतपण होईपर्यंत नवऱ्याने केसाला कात्री लावायची नाही. समुद्र ओलांडायचा नाही हेही घातलं होतं. ते मोडून आलो. आता हे दुसरं मोडू?"

"अरे, तू हे असलं मानतोस? तू?" तिला खरंच हसू आलं. गळ्यात कवड्यांची माळ, शर्टाची वरची बटणं उघडी, आणि तोंडी आईचे नेम.

"नाही मानत," धनेश म्हणाला. "खोटं आहे हे मलाही कळतं. पण ते खोटं आहे हे बघायला सुलेखाचं पोट वापरू का?"

आशालताने कात्री मिटून पदराखाली घेतली.

"त्या चौघांना सांगू नकोस," तो म्हणाला. "हसून हसून मरतील. गाणी करतील माझ्यावर. सांग, केसांचा मोह आहे म्हणून. आणि सुलेखाला कळता कामा नये. मी कार्यक्रम रद्द झाले म्हणून सांगेन. उगीच ओझं नको तिला. मुलालाही नको."

तो गेला. बाकीच्यांनी ठरलेल्या दिवशी स्टुडिओत रेकॉर्ड केली. दुसरा गिटारवाला मिळाला नाही म्हणून त्याची जागा तशीच राहिली, आणि चारूने दोन दिवस धन्याच्या नावाने खडे फोडले. फेब्रुवारीत शिवांगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी धनेशने केस इतके बारीक कापले, की आई म्हणाली, कुणी गेल्यासारखं काय रे. पुढे आयुष्यभर तसेच ठेवले. गिटारही कुणाला देऊन टाकली. का दिली, ते बहिणीने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"शिवांगी मॅडम, या," तन्मयने रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

शिवांगी उठली. आशालताबाईंनी तिचं मनगट धरलं.

"पाच मिनिटं थांब रे तन्मय," त्या म्हणाल्या. "हिला जरा बाहेर नेते."

"आजी, लाइट लावलाय, कॅमेरा सेट आहे..."

"लाइट विझत नाही लगेच. तोवर चारूला विचार, केस नेमके कुठल्या समुद्राला दिले."

बाहेर स्विमिंग पूलच्या कडेला उन्हाने फरशी तापली होती. आशालताबाई छत्रीखालच्या खुर्चीत बसल्या. चौघांना सांगायचं नाही, असा शब्द होता. त्यातले दोघे गेले, एक कॅनडात कुणाला ओळखत नाही, आणि उरलेला एक आत वड्या खातोय. सुलेखा तर धनेशच्याही आधी गेली. शब्द ज्यांच्यापासून जपायचा तेच संपले, राहिली ही एकटी, जिच्यावर ओझं नको म्हणून तो दिला होता. आणि ओझं तर तिने उचललंच होतं, फक्त चुकीचं.

त्यांनी सांगितलं. कात्री, चादरी, कांदे, सुलेखाचा पाचवा. सजवून सांगितलं नाही. धनेशचं वाक्य मात्र जसंच्या तसं सांगितलं.

शिवांगी पाण्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी म्हणायला तू होतीस कुठे. एका शंकेसाठी."

"आणि मग गिटार का दिली? तेही माझ्यामुळे?"

"ते मला ठाऊक नाही," आशालताबाई म्हणाल्या. "माहीत नसलेलं सांगायला मी काय चारू आहे?"

शिवांगीच्या तोंडून हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग जे आलं ते तिने ओढणीने पुसलं. मग तिने विचारलं, "किती लांब होते?"

आशालताबाईंनी तिला पाठमोरी वळवली आणि खांद्याच्या खाली, पाठीवर, हाताची कड टेकवली. "इथपर्यंत. आणि शिकेकाई लावायचा हे खरं आहे. आई पाठवायची डब्यातून."

आत गेल्या तेव्हा चार्ली सर त्या पोकळीत ऐकणाऱ्याला आपला मृत्यू कसा ऐकू येतो ते समजावत होते. तन्मय मान डोलावत होता. शिवांगी खुर्चीत बसली. आशालताबाई मागे उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मनात आलं, आता ही सगळं सांगेल, आणि चारू ते उचलेल. पुढच्या मुलाखतीत ती पोकळी म्हणजे न जन्मलेल्या बाळासाठी प्रार्थना झालेली असेल, तीही त्याचीच कल्पना.

"मॅडम," तन्मय म्हणाला, "बाबांनी केसांसाठी बँड सोडला, याचा कधी राग आला?"

शिवांगीने कॅमेऱ्याकडे शांतपणे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "बाबांचा केसांवर फार जीव होता."

"आणखी काही सांगाल?"

"नाही. एवढंच."

"बघ, म्हटलं नव्हतं?" चार्ली सर तन्मयला म्हणाले आणि समाधानाने मागे रेलले. मग त्यांनी डब्याकडे हात नेला, पण आशालताबाईंनी तो केव्हाच पिशवीत घातला होता.