बिनफवारणीची ओळ, झाड नंबर सात

मी बोलतोय, बिनफवारणीच्या ओळीतलं सात नंबरचं टोमॅटोचं झाड. मला आता फारसं काही वाटत नाही, तेव्हा रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका.

चौलला जनीकाकीच्या वाडीत, सुपारीच्या पलीकडच्या उघड्या तुकड्यात मला लावलं. थंडीत इथे दंव पडतं, दहा वाजेपर्यंत पानं ओली असतात. पानं करपवणाऱ्या करपा रोगाला आणखी काय हवं? गेली दोन वर्षं काकीचा सगळा टोमॅटो करप्यानं गेला होता. यंदाही गेला तर पुन्हा टोमॅटो लावणार नाही, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं.

म्हणून शेतकी कॉलेजात शिकणारी पूर्वी नावाची मुलगी आली. निरगुडीच्या पाल्याच्या अर्कात तिनं चांदीचे डोळ्यालाही न दिसणारे कण तयार केले होते. नॅनो म्हणतात त्याला. चार ओळींवर ते औषध आणि आमच्या दहा झाडांवर नुसतं पाणी. आम्ही करपलो आणि त्या ओळी तगल्या, तरच औषध खरं. पूर्वीनं काकीला हे दोनदा समजावलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, पण माणसं झाडांना विचारतात कधी?

महिन्याभरात खालच्या पानांवर काळी वलयं उठली. आधी पाचवं झाड वाळलं, मग आठवं. पूर्वी दर आठवड्याला यायची, डाग मोजून वहीत लिहायची. पान गळताना दुखतं असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नसतं.

फवारणी काकीच करायची. पंपात थोडं औषध उरायचं. ते ओतून द्यायचं, पंप धुवायचा आणि मग आमच्यावर पाणी मारायचं, असं ठरलं होतं. पण माझ्यावर पहिला घोस धरला होता. काकीनं इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेलं औषध माझ्यावर मारलं. फळावर आलेल्याला असं कसं मरू द्यायचं, असं काहीतरी पुटपुटली. पुढच्या तिन्ही वेळा तेच.

शेवटच्या मोजणीला ओळीत नऊ खराटे आणि मधे मी हिरवागार. पूर्वी माझ्यासमोर उकिडवी बसली ती उठेचना. औषधाशिवाय झाड जगतंय म्हटल्यावर औषधाचा गुण कसा मानायचा, असं कॉलेजातले सर विचारणार, म्हणाली. रडवेली झाली होती पोर. काकी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"बाय, मीच मारलं त्याच्यावर. त्याला मोजू नको."

पूर्वीनं वही पुन्हा उघडली. मग विचारलं, "काकी, आणखी कशावर मारलंत?"

"न्हाय. ह्याच्यावरच."

पूर्वीनं माझा नंबर खोडला आणि बाजूला कारण लिहिलं. नऊ झाडांवर काम भागेल, म्हणाली. ती नऊ उपटली, पिशव्यांवर नंबर घातले आणि कॉलेजात नेली. चार ओळी तगल्या होत्या. काकी टोमॅटो सोडणार नाही, ते त्या मेलेल्या नऊंमुळे. माझा त्यात काही वाटा नाही.

पुढच्या थंडीत पूर्वी पुन्हा करून बघणार आहे. पुन्हा एक ओळ नुसत्या पाण्यावर ठेवतील. माझं एवढंच मागणं आहे, त्या ओळीला पंप दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. काकीला ते जमणार नाही.