फळ्यावर गंज

डोमाजी बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाचनालयाच्या फळ्याचा खडू भावनाच्या हाती आला.

अकोल्याच्या त्या वस्तीत विहाराला लागून एका खोलीचं वाचनालय होतं. पुढच्या ओसरीच्या भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल असा काळा फळा. एसटीतून निवृत्त झाल्यापासून बाबा रोज सकाळी सातला त्यावर सुविचार लिहायचे, एका निळ्या वहीतून. वही संपली की पहिल्या पानापासून पुन्हा. लोकांना ते विचार इतके पाठ झाले होते की कुणी वाचत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर खडूची भुकटी डोळ्याजवळ नको. भावना रोज सातलाच चार वर्षांच्या पायलला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायला कोपऱ्यावर यायची, व्हॅनचा मागचा दरवाजा नीट लागलाय का ते दोनदा पाहायची, आणि व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत जागची हलायची नाही. बाबा नात्याने तिचे कुणी नव्हते, पण वस्तीतली प्रत्येक सून त्यांची सूनबाई. त्यांनी एक दिवस हाक मारली.

"सूनबाई, तू तशीबी उभीच राह्यतं. चार शब्द लिहून देत जाय."

चार दिवस तिने वहीतलं उतरवलं. पाचव्या दिवशी वहीत निघालं, 'मौन हा स्त्रीचा दागिना आहे.' भावनाने खडू दोन बोटांत फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, 'मौन हा दागिना असेल, तर घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने घालावा.'

काळा चष्मा लावून बाबा पायरीवर बसले होते. "वाच बरं."

तिने वाचलं.

"हे वहीत नाही."

"नाही बाबा."

 बाबा म्हणाले, "मंग वहीत लिहून ठेव. पुढच्या वर्षी कामी येईन."

त्या दिवसापासून ती सुटलीच. मतं तिच्याकडे आधीपासून होती. भाजी निवडताना, पायलची वेणी घालताना, बातम्यांच्या वेळी, सतत काहीतरी मनात उमटायचं. ते बोलून दाखवलं की नवरा प्रीतम म्हणायचा, "बरोबर आहे तुझं, पण हळू बोल." आता त्या मतांना जागा मिळाली. 'पाहुण्याला आधी पाणी विचारा, आडनाव नंतर. ते नाही विचारलं तरी चालेल.' 'वाढदिवस एका माणसाचा असतो, बॅनरवर चाळीस तोंडं कशाला?' 'मतदान गुप्त असतं. मत असणं गुप्त ठेवायची सक्ती नाही.' लोक थांबून वाचू लागले. दूधवाला गाडी बंद करून वाचायचा. सगळ्यांना वाटायचं, म्हातारपणी डोमाजींना धार चढली. भावनाला ते बरं वाटायचं. नाव त्यांचं, धास्ती कुणालाच नाही.

भाषा मात्र ती फार जपून लिहायची. माहेर परतवाड्याचं. अमरावतीला होस्टेलवर राहून मराठीत एम.ए. केलं, तेव्हा पहिल्याच निबंधात सरांनी तिचे बारा शब्द लाल शाईने गोल केले होते. तिने ते बाराही शब्द सोडून दिले. आधी लिहिण्यातून, मग बोलण्यातूनही. पायल 'मले पाह्यजे' म्हणाली की ती लगेच म्हणायची, "मला हवंय, बेटा."

मंगळवारी संध्याकाळी वॉर्डाच्या बालोद्यानात पायल घसरगुंडीवरून खाली आली ती तळहात धरून. पत्र्याची कड उलली होती. तांबूस पोपडे निघालेल्या त्या कडेने हात चिरला होता. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, हुंदके देऊन झोपलेली पायल. भावना तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत बसली. त्याच बागेच्या फाटकावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती, माजी नगरसेवक गजेंद्रभाऊंच्या नावाची. भाऊ यंदा पुन्हा उभे होते.

बुधवारी पायल घरीच होती, आजीजवळ. भावना सातला एकटीच फळ्यापाशी आली आणि दोन ओळींत लिहून मोकळी झाली.

'बालोद्यानात पाच वर्षांत काय झालं?
गंज.'

घरी येऊन चहा टाकला, तेव्हा कुठे तिला आठवलं की प्रीतम गजेंद्रभाऊंच्याच शाळेत शिकवतो.

आठवलं म्हणजे काय, ती विसरली कधी होती? सहा वर्षं तो तिथे कंत्राटी शिक्षक होता. दरवर्षी पुढच्या सत्राची यादी निघायची आणि यादी भाऊ स्वतः वाचून सही करायचे. गेल्या वर्षी चित्रकलेच्या सरांचं नाव गळालं. का, ते कुणी विचारलं नाही. भाऊंच्या चुलतभावाच्या लग्नात सर जेवले नाहीत, असं म्हणतात. जेवण नाकारल्याची ही शिक्षा, तर मग याची किती? तिने चहा ओतला तो बशीतच.

साडेदहाला प्रीतमचा फोन आला. आवाज दबका होता, मागे मधल्या सुट्टीचा कालवा.

"फळ्यावर काय लिहिलंस आज?"

"का?"

"शिपाई सांगत होता. कुणीतरी फोटो काढून वॉर्डाच्या ग्रुपवर टाकलाय. भाऊंनी विचारलं, हा फळा कोण लिहितो. चार वाजता येताहेत वाचनालयात."

"रागात आहेत?"

"ते मला कसं कळणार? यादी याच आठवड्यात आहे, भावना."

तो एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ओला फडका घेऊन ती वाचनालयात गेली. बाबांना सगळं सांगितलं, पायलच्या हातापासून यादीपर्यंत. बाबांनी ऐकून घेतलं.

"पुसू का मी?"

"फोटो पुसता येते का तुले?"

"नाही."

"मंग फळा पुसून काय होणार हाये? उलट म्हणतीन, पुसलं म्हणजे चूक होती. राहू दे. भाऊले म्हणीन, मीच लिहिलं. मले आता कोणत्या यादीतून काढतीन?"

"तुमच्या डोळ्यावर काळा चष्मा आहे, बाबा. कोण मानेल?"

बाबांनी चष्म्याला हात लावून पाहिला, जणू आताच कळलं. "हे बी खरंच आहे," म्हणाले.

चारला दहा कमी असताना पांढरी गाडी आली. गजेंद्रभाऊ उतरले. पन्नाशीचे, भरदार, शेतीवाडीतून राजकारणात आलेले. भाषण करताना मुद्दाम अस्सल वऱ्हाडीत करायचे आणि टाळ्या घ्यायचे. मागून कुंदन उतरला, त्यांचा प्रचार पाहणारा. स्पर्धा परीक्षेसाठी चार वर्षं पुण्यात राहून परत आला होता, आणि चार वर्षांचा हिशोब प्रत्येक वाक्यात दाखवायचा.

"जय भीम, बाबा," भाऊ म्हणाले. "डोळा कसा आहे?"

"एक झाला, एक व्हायचा आहे. बसा."

भाऊ चपला काढून ओसरीत आले, पण बसले नाहीत. हात मागे बांधून फळ्यासमोर उभे राहिले. भावना ओसरीच्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटाच्या आडोशाला होती. पाठमोरा माणूस रागावलेला आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? ती त्यांच्या मानेकडे पाहत राहिली.

"पाच वर्षांत काय झालं," भाऊंनी मोठ्याने वाचलं. "गंज." आणि वळले, तर तोंडभर हसत होते. "बाबा, काय लिहिलं हो तुमी. एका शब्दात सारं. आमी पाच पानी अहवाल छापला, कोणी वाचला नाही. सकाळपासून चाळीस जणांचे फोन आले. लोक म्हणते, भाऊ, गंज काम झालं, डोमाजी बाबाचा फळा बी तेच म्हणते."

भावनाला क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं. 

गंज. इथल्या प्रत्येक घरात, बाजारात, एसटीच्या रांगेत ज्याचा अर्थ एकच होता: पुष्कळ. रग्गड. गंज लोक आले, गंज आंबे निघाले. लोखंडाला जे लागतं त्याला इथे सगळे 'जंग' म्हणत. तीही म्हणायची, सरांनी तो शब्द लाल शाईने गोल करेपर्यंत. 'जंग म्हणजे युद्ध. इथे गंज हवा.' तिने शुद्ध मराठीत गजेंद्रभाऊंची खरडपट्टी काढली होती, आणि वऱ्हाडाने ती स्तुती म्हणून वाचली होती.

"याचा मोठा फ्लेक्स करू," भाऊ म्हणाले. "बगीच्याच्या फाटकावर."

कुंदनने घसा साफ केला. "भाऊ, एक मिनिट. प्रमाण मराठीत गंज म्हणजे रस्ट. लोखंडावर चढतो तो."



"कोणत्या मराठीत?" भाऊंनी विचारलं.

"पुस्तकी. पुण्यात सगळे तसंच म्हणतात. म्हणजे हे टीकाही असू शकतं. आधी खात्री केलेली बरी." त्याची नजर फिरत फिरत कपाटापाशी आली. "अक्षर बाबांचं वाटत नाही. बाईमाणसाचं वळण आहे. तुम्ही प्रीतम सरांच्या मिसेस ना? अमरावतीहून एम.ए. मराठी?"

बाबा मध्ये काहीतरी बोलू लागले, पण भाऊंनी हात वर केला. "अक्षर तुमचं का, वहिनी?"

"हो," भावना म्हणाली. नाही म्हणायला वेळच नव्हता. "बाबांना खडू चालत नाही, म्हणून मी लिहून देते."

"मग तुम्हीच सांगा," कुंदन म्हणाला. "गंज म्हणजे काय?"

पायलची पट्टी, प्रीतमचा दबका आवाज, शाळेच्या नोटीस बोर्डावरची यादी, सगळं एकदम तिच्यासमोर आलं. खोटं बोलायचं तर जीभ रेटत नव्हती. खरं बोलायचं तर घर. आणि मग जीभ स्वतःच, आठ वर्षांत कुणापुढे चालली नव्हती त्या वाटेने चालू लागली.

"आता कुंदनभाऊ, पुण्याले काय म्हणतात ते मले काय माहीत, मी तं कधी गेली नाही तिकडं. आमच्या परतवाड्याले गंज म्हणजे लय. माझी माय म्हणे, पोरीले गंज शिकवलं, आता उलसक कामाले बी लागू दे. लोखंडाले तं जंग लागते. तुमच्या घरी काय लागते?"

डोमाजी बाबा खदखदून हसले. भाऊही हसले, आणि कुंदनच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "घे. चार वर्षं पुण्याले राह्यला अन् मायची बोली विसरून आला. तुले कावून पाठवलं होतं रे तिकडं?"

कुंदनही कसनुसा हसला. त्याच्या घरी काय लागतं, ते त्यालाही माहीत होतं.

 एकही शब्द खोटा नव्हता, हे भावनाने मनाशी पुन्हा तपासून पाहिलं. अर्धं सांगितलं होतं, एवढंच. वॉर्डातला कोणता पुढारी पूर्ण सांगतो?

बाबा पायरीवरून म्हणाले, "भाऊ, फ्लेक्स जरूर लावा. पण लावाच्या आधी बगीचा एकडाव पाहून या. गंज झालं म्हणता, तं लोकं पाह्याले येतीन. लेकरं खेळतात तिथं. कालच्याला याच वहिनीच्या पोरीचा हात चिरला घसरगुंडीवर."

भाऊंचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू आत गेलं. त्यांनी फळ्याकडे पुन्हा पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ. मग भावनाकडे.

"लय लागलं का पोरीले?"

"इंजेक्शन द्यावं लागलं."

"कुंदन, गाडी बगीच्याकडं घे. अन् वेल्डिंगवाल्याले फोन लाव, आजच बोलाव." ते पायरीपर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि न वळता, हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी बी बी.ए. आहे. अमरावतीचाच. प्रीतम सरांची फिकर करू नका. पण पुढच्या टायमाले शब्द दोन्ही बाजूनं वाचून पाहत जा. दर वेळी लोकं आपल्या सोयीनं वाचतीनच, असं नाही."

गाडी निघून गेली. भावना पायरीवर बाबांच्या शेजारी बसून राहिली. 

"ओळखलं त्यानं," बाबा म्हणाले.

"हो."

"तरी फ्लेक्स लावन पाहा. चाळीस फोन आलेत. आता नाही लावला तं तेच विचारतीन, कावून नाही लावला."

मग भावनाला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरेचना, पदर तोंडाला लावूनही आवरेना. दूधवाला संध्याकाळच्या फेरीला निघाला होता, त्यानेही गाडी थांबवून विचारलं, काय झालं बाई. तिला सांगताच येईना.

प्रीतम पाच वाजता शाळेतून थेट वाचनालयातच आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने काही विचारायच्या आत बाबांनी सगळं सांगून टाकलं, कुंदनचा आवाज काढून. प्रीतम ऐकत ऐकत खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"भाऊ तसं म्हणाले? 'फिकर करू नका'? शब्द हेच?"

"हेच."

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली. मग रस्त्यापलीकडच्या गाडीवरून तीन प्लेट आलूबोंडे आणले. सकाळपासून आपण काहीच खाल्लं नाही, हे दोघांनाही पहिला घास घेतल्यावर कळलं. बाबांनी रस्सा जास्त मागितला.

"आता एक कर," प्रीतम म्हणाला. "फळ्याचं बंद कर. नशीब एकदाच साथ देतं."

"करीन की," भावना म्हणाली. "बाबांचा डोळा बरा होऊ दे."

"तो तर पुढच्या आठवड्यात होईल."

"हा होईल," बाबा आलूबोंडा मोडत म्हणाले. "दुसऱ्याची तारीख त्याच्या पुढच्या महिन्यातली आहे."

प्रीतमने बायकोकडे पाहिलं. ती रश्श्यात बोंडा बुडवत होती आणि मान वर करत नव्हती.

"निदान लिहायच्या आधी मला दाखवत जा," तो म्हणाला.

"दाखवीन," ती म्हणाली. "सकाळी सहाला उठावं लागेल."